दम लागणाऱ्या माणसाला घरी सांभाळताना

आईच्या हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त पुढे ढकलण्याची ताकद, शेवटच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) 20 टक्के आलं. चार महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट केलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हृदय आता सुधारणार नाही. पण दम कमी करता येईल, आणि ते काम घरीसुद्धा होतं." त्यानंतर आई अकरा महिने आमच्या इचलकरंजीच्या घरात होती. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो, माझं वैद्यकीय शिक्षण काही नाही. जे शिकलो ते डॉक्टरांकडून, घरी येणाऱ्या नर्स ताईंकडून आणि चुका करून. ज्यांच्या घरी असा पेशंट नुकताच आला आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातला कुठलाही औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. बाकीचं बहुतेक सगळं घरच्या माणसांच्या हातात असतं.

आधी एक गैरसमज. 'हार्ट फेल्युअर' हा शब्द ऐकला की नातेवाईक धसका घेतात, त्यांना वाटतं हृदय बंदच पडलं. तसं नसतं. हृदय चालू असतं, पण त्याची ताकद कमी झालेली असते. रक्त पुढे नीट ढकललं जात नाही आणि पाणी मागे साचतं. फुप्फुसात साचलं की दम लागतो, पायात साचलं की सूज येते, पोटात साचलं की दोन घास खाल्ले तरी पोट भरतं. घरात जे काही करायचं ते या पाण्याभोवती आणि दमाभोवती फिरतं.

दुसरा गैरसमज 'पॅलिएटिव्ह' या शब्दाचा. आमच्याकडे तो फक्त कॅन्सरशी जोडलेला आहे. माझा पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "म्हणजे आता काहीच करायचं नाही?" उलट रोज करायचं असतं. हृदयाची औषधं चालूच राहतात, सोबत त्रास कमी करणारी औषधं आणि व्यवस्था येते. आजार बरा होणार नाही हे मान्य करून माणसाला बरं वाटावं म्हणून केलेले उपचार, एवढाच त्याचा अर्थ. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह कक्ष आहे का, तिथली टीम घरी येते का, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र 1997पासून आहे, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986पासून. ही दोन्ही केंद्रं कॅन्सरच्या पेशंटसाठी उभी राहिली. हृदयाच्या पेशंटला तुमच्या भागात कोण बघतं, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

वही, वजनकाटा आणि पाण्याची गोळी

पहिली खरेदी वजनकाट्याची करा. रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन घ्यायचं आणि वहीत तारीख घालून लिहायचं. माझा पेशाच खतावणीचा, त्यामुळे ती सवय मला जड गेली नाही. सूज उतरलेली असताना आईचं वजन 46 किलो होतं. तोच आमचा पाया. तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढ झाली तर ते जेवणाचं वजन नसतं, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, दम लागायची वाट बघायची नाही. पाणी आधी वजनात दिसतं, मग पायावर, आणि दम बहुतेक वेळा त्याच्याही मागून येतो. ते तीन-चार दिवस हातात असतात.

पुढच्या काळात एक फसगत होते, ती आधीच सांगतो. पेशंट खात नाही म्हणून अंगातलं मांस झडतं आणि त्याच वेळी पाणी साचत जातं. काटा जागचा हलत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून वजनाशेजारी आणखी दोन गोष्टी लिहा. रात्री किती उशा लागल्या, आणि एका दमात किती शब्द बोलता आले. आई सकाळी "चहा झाला का रं तुझा" हे सलग बोलली की दिवस बरा. "चहा" म्हणून थांबली की मी पेढीवर उशिरा येतो असं कळवून टाकायचो.

पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, ही या आजारात शेवटपर्यंत उपयोगाची. ती सकाळी द्यायची. दुसरा डोस असेल तर डॉक्टरांना विचारून दुपारी दोनच्या सुमारास बसवायचा. आम्ही सुरुवातीला तो संध्याकाळी सातला देत होतो, आणि आई रात्री पाच वेळा उठायची. एकदा अंधारात बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. वेळ बदलली आणि पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवली, तेव्हा दोघांनाही झोप लागू लागली. उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, मगच उभं करा. या औषधांनी बीपी कमी असतं, झटकन उठलं की चक्कर येते.

बाकीच्या गोळ्यांचाही डॉक्टरांसोबत बसून एकदा हिशेब करून घ्या. आईच्या डब्यात रोज 14 गोळ्या होत्या. कोलेस्टेरॉलची, कॅल्शियमची, व्हिटॅमिनची अशा सहा त्यांनी काढल्या. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा फायदा काही वर्षांनी मिळणारा, तो आता कशाला, असं त्यांनी सरळ सांगितलं. गोळ्या कमी झाल्या तसं आईचं मळमळणंही कमी झालं. पण हे डॉक्टरांनी करायचं काम आहे. कुठली गोळी आज दम अडवून धरते आहे हे आपल्याला कळत नाही.

एक घोडचूक आमच्या हातून झाली. गुडघे दुखतात म्हणून आईने नातवाला पाठवून औषधाच्या दुकानातून पेनकिलर आणवली. तीन दिवस घेतली. चौथ्या दिवशी काट्यावर 48.3. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. या पेशंटला त्या चालत नाहीत. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते, तीही पाण्यात फसफसणारी नको, कारण त्यात सोडियम असतं. ॲसिडिटीची फसफसणारी पावडर आणि खायचा सोडा यांचंही तेच.

मीठ आणि पाणी

कोल्हापूरकडच्या घरात मीठ कमी करणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. कांदा-लसूण चटणीशिवाय आमचं पान वाढलंच जात नाही, आणि त्या चटणीत मीठ सढळ असतं. बायकोने आईपुरती वेगळी चटणी कुटली. तीच लाल मिरची, तेच खोबरं, तीळ, धने, लसूण, फक्त मीठ वगळलं. वरून लिंबू पिळलं की आईची तक्रार नसायची. आमटीत आमसूल, भाजीत भाजलेल्या जिऱ्याची पूड, ताकात कोथिंबीर आणि आलं. ज्वारीची भाकरी बिनमिठाचीच असते, ती आपल्या बाजूची. पापड, लोणचं, सांडगे, फरसाण, बेकरीची खारी, टोस्ट, पाव, पाकिटातलं सूप, हे बंद.

सैंधवाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण भेटायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस "सैंधव चालतं" म्हणून सांगून जातो. सैंधव हेही मीठच. त्यातही सोडियम असतं. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ तर आणखी जपून, कारण त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. हृदयाच्या काही गोळ्या आधीच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात, किडनी अशक्त असते, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचंही तेच. पेशंटला बघायला शहाळं घेऊन यायची आपली रीत आहे. आलेली शहाळी मुलांना द्या, पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाण्याचं माप डॉक्टर सांगतात. आईला दिवसाला सव्वा लिटर होतं. मी सकाळी तेवढं पाणी मोजून एका स्टीलच्या कळशीत भरायचो. चहा, ताक, आमटी जे काही पातळ पोटात जाईल तेवढं पाणी कळशीतून काढून टाकायचं. संध्याकाळी कळशीत किती उरलं ते आईलाही दिसायचं. तहान फार लागते, त्यावर आम्ही फ्रिजच्या ट्रेमध्ये लिंबू पिळलेल्या पाण्याचे छोटे खडे करून ठेवले. एक खडा दहा मिनिटं पुरतो. तोंड कोरडं पडलं की ओल्या कापसाने ओठ-जीभ पुसायची, ओठांना तूप लावायचं.

शेवटच्या दोन महिन्यांत डॉक्टर म्हणाले, आता कळशी राहू दे. तिला एक दिवस तांबडा रस्सा हवा होता. दिला, चार चमचे, नेहमीच्या मिठाचा. त्या रात्री पाण्याची अर्धी गोळी जास्त देण्याची सूचना डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवली होती. आजाराच्या त्या टप्प्यावर माणसाची इच्छा आधी बघायची, हे मला त्यांनी शिकवलं, आणि मी ते आजही योग्य मानतो.

जेवणाची जबरदस्ती करू नका. आतड्यालाही सूज असते, भूक मरते. एका वेळी दोन चमचे मऊ भात, दोन तासांनी अर्धी वाटी खीर, एवढं पुरे. "खाल्लं नाहीस तर ताकद कशी येणार" हे वाक्य आमच्या घरात महिनाभर चाललं आणि त्याने आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते थांबवलं.

दम लागतो तेव्हा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आडवं झोपलं की दम वाढतो. डोकं-छाती उंच हवी. वर उचलता येणारा हॉस्पिटलचा पलंग भाड्याने मिळतो, आम्हाला तो पंधरा दिवसांनी मिळाला. तोपर्यंत प्लास्टिकची खुर्ची गादीवर पालथी टाकली. खुर्चीची पाठ उतरती होते, तिच्यावर दोन उशा. आई त्या उतरणीला टेकून बसायची आणि खाली सरकू नये म्हणून गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी. त्या खुर्चीवर तिने चांगल्या झोपा काढल्या.

जोराचा दम लागला की हा क्रम. पेशंटला पलंगाच्या कडेला बसवून पाय खाली सोडा. पाय खाली गेले की थोडं रक्त पायात उतरतं, छातीवरचा भार कमी होतो. समोर स्टूल, त्यावर उशी, उशीवर दोन्ही हात टाकून पुढे झुकू द्या. खिडकी उघडा. छोटा टेबलफॅन गालावर आणि नाकावर वारा लागेल असा लावा. वाऱ्याचा झोत चेहऱ्याला लागला की श्वासाची घालमेल कमी होते, डॉक्टरांनीही हा उपाय लिहून दिला होता. ओल्या रुमालाने कपाळ आणि गाल पुसा. पोलक्याची वरची बटणं, कमरेची गाठ सैल करा. खोलीत गर्दी नको. एकाच माणसाने बोलायचं, हळू बोलायचं.

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगतो. रात्रीचे दोन वाजले होते, गल्लीतल्या मागांची खटखट चालू होती. आई उठून बसली, तोंड उघडं, ओठ काळपट, माझं मनगट धरलेलं. मी ओरडून सगळं घर जागं केलं. पोरं रडायला लागली, बायको फोन शोधत होती, आणि तिकडे आईचा दम वाढत चालला होता. घाबरलेली माणसं बघून ती आणखी घाबरत होती. दुसऱ्या वेळी मी फक्त तिच्या शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवला आणि तिच्या श्वासाबरोबर मोजू लागलो. आत घेताना 'एक', सोडताना लांब 'दोऽऽन'. पंखा तोंडावर. डॉक्टरांनी लिहून दिलेली जादा गोळी आणि मॉर्फिनचा छोटा डोस. घड्याळात पाहिलं, पंचवीस मिनिटांनी तिने मनगट सोडलं. मनगटावर तिच्या बोटांचे ठसे होते. म्हणाली, "जा, झोप जा लेका, सकाळी पेढीवर जायचं हाय तुला."

मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. मीही घाबरलो होतो, वाटलं ही तर शेवटाची सुई. दम कमी करण्यासाठी ते तोंडावाटे, अगदी थोड्या मात्रेत देतात. आईला 10 मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, म्हणजे 2.5 मिलिग्रॅम, असं सुरू केलं. त्याने हृदय सुधारत नाही, पण श्वास कोंडल्याची जी जाणीव असते ती बोथट होते. डॉक्टरांच्या मापाने दिलं तर माणूस त्याने जात नाही आणि व्यसनही लागत नाही. पहिले तीन-चार दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच शौचाचं औषध सोबत हवं. इसबगोल नको, त्याला भरपूर पाणी लागतं आणि इथे पाणी मोजून. शौचाला जोर करावा लागला की याच पेशंटचा दम वाढतो, त्यामुळे ही बाब किरकोळ समजू नका. किडनी अशक्त असेल तर मॉर्फिन अंगात साठतं. पेशंट फारच गुंगीत राहू लागला, हातपाय झटके देऊ लागले, भ्रम झाला, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा.

मॉर्फिन साध्या दुकानात मिळत नाही. 2014मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. आपल्या जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या कुलपात ठेवा आणि किती दिल्या ते वहीत लिहा.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. प्रत्येक दमाला ऑक्सिजन लागत नाही. आईचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बरेच महिने 93-94 टक्के होतं आणि तरी दम असायचा. तेव्हा यंत्राचा उपयोग नव्हता, पंख्याचा होता. पुढे ते 88च्या खाली जाऊ लागलं तेव्हा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं यंत्र, भाड्याने आणला. 5 लिटरच्या यंत्राला 300 ते 350 वॅट लागतात, घरचा इन्व्हर्टर किती वेळ ओढेल ते आधी तपासा आणि लाईट गेली तर म्हणून छोटा सिलिंडर भरून ठेवा. त्या खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी काही नको. आमचं देवघर त्याच खोलीत होतं. आईच्या परवानगीने देव स्वयंपाकघरात हलवले.

अंग, कपडे, लाज

सुजलेल्या पायाची कातडी ताणून पातळ होते. रोज खोबरेल तेल हलक्या हाताने लावा, चोळायचं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. वज्री-दगडाने टाच घासू नका. काही वेळा पोटऱ्यांतून पाणी पाझरायला लागतं. जुन्या सुती लुगड्याच्या स्वच्छ पट्ट्या गुंडाळायच्या, ओल्या झाल्या की बदलायच्या. लाल झालं, गरम लागलं, वास आला तर नर्सला दाखवायचं. बोटातली अंगठी सूज चढायच्या आधीच साबण लावून काढून ठेवा, आमची शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. बसून असणाऱ्या पेशंटची सूज पायांपेक्षा कमरेखाली माकडहाडाजवळ जास्त साचते, आणि तिथेच जखम होते. एअर बेड घ्या, तरीही दर दोन तासांनी कूस बदला.

आई आयुष्यभर नऊवारी नेसली. कमरेचा घट्ट कासोटा आता पोटावर दाबायचा, पण गाऊन घाल म्हटलं की तोंड फिरवायची. बायकोने तिच्याच दोन लुगड्यांचे पुढून उघडणारे झगे शिवले, तिच्या ओळखीचे काठ, ओळखीचा रंग. ते तिने घातले.

बायको सकाळी बालवाडीत जायची, त्यामुळे आईला पुसून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी आईने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "पोटच्या पोरावर ही येळ यावी." काय बोलावं सुचेना. नर्स ताईंनी मग पद्धत शिकवली. अंगावर कायम एक चादर. चादरीखालून एकेक भाग पुसायचा, पुसला की लगेच झाकायचा. आधी तोंड, हात, मग पाठ, मग पाय. आतलं अंग तिला जमेल तोवर तिनेच, आपण फक्त कापड पिळून हातात द्यायचं आणि मान वळवायची. काय करतोय ते करण्याआधी सांगायचं. आठवड्याभराने ती स्वतःहून म्हणाली, "आज पाणी जरा ऊन घे." रोज आंघोळीचा हट्ट नको, आंघोळीनेही दम लागतो.

रात्री दोनला ठरवायच्या गोष्टी दिवसा ठरवा

हा आजार कॅन्सरसारखा सरळ उतरत नाही. खाली जातो, पुन्हा वर येतो, माणूस उठून बसतो, आणि एखाद्या दिवशी अचानकही जातो. म्हणून बोलणी बऱ्या दिवसात करून ठेवावी लागतात. मी आईला विचारलं, "आई, पुन्हा तसा दम लागला तर तुला काय करायला हवं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नळ्या घालू नगासा. तुम्ही जवळ बसा." ते मी तिच्याच शब्दांत वहीत लिहिलं.

पुण्याचा भाऊ आयसीयूवर अडून होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही. डॉक्टरांकडे सगळ्यांना एकत्र बसवलं आणि आईला भावासमोर बोलू दिलं. त्यानंतर घरात यावर तंटा झाला नाही. आपली इच्छा कागदावर लिहून ठेवण्याला, म्हणजे लिव्हिंग विलला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आम्ही नोटरीकडून केलं. एक प्रत डॉक्टरांकडे, एक भावाकडे, एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली.

त्याच दाराला दुसरा कागद होता. दम वाढला तर कोणती गोळी, किती, मग कोणाला फोन, आणि कोणत्या कारणासाठी मात्र 108 बोलवायची. पडून हाड मोडलं, न थांबणारा रक्तस्राव, घरात न आवरणारी वेदना, किंवा आई स्वतःच ने म्हणाली तर. घरी ठेवायचं ठरलं म्हणजे दवाखान्याचं दार बंद झालं, असं नाही.

छातीत यंत्र असेल तर दोन गोष्टी विचारून ठेवा. शॉक देणारं यंत्र शेवटच्या दिवसांत शॉक देत राहू नये म्हणून तेवढं काम बंद करता येतं, त्याने लगेच मृत्यू येत नाही. आणि कोणतंही यंत्र, साधा पेसमेकरसुद्धा, दहनाच्या आधी काढावं लागतं, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. आईला पेसमेकर होता. ते कोण काढणार हे मी दोन महिने आधी विचारलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली होती. पण विचारलं ते बरं झालं.

सांभाळणाऱ्यानेही झोपायला हवं. आठवड्यातून दोन रात्री बहीण कोल्हापूरहून येऊन बसायची आणि मी माडीवर जाऊन झोपायचो. कोणी नसेल तर रात्रीपुरती मावशी ठेवा. मन फारच खचलं तर टेलीमानसचा 14416 हा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो, मी एकदा केला होता.

शेवटचे दिवस

आई जास्त वेळ झोपू लागली. गोळ्या गिळवेनात. पाय गार पडले, लघवी अगदी थोडी. श्वास जोरात चालायचा, हळू व्हायचा आणि मध्येच थांबायचा. मी घड्याळ लावून बसलो होतो, कधी वीस सेकंद, कधी तीस, आणि मग पुन्हा सुरू. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही तिला हलवून जागं केलं नाही. घशात घरघर लागली की कुशीवर वळवायचं, डोकं थोडं उंच. ऐकणाऱ्याला ती घरघर जितकी छळते तितकी पेशंटला जाणवत नसते.

या वेळी सगळे पाणी पाजायला येतात. आपली ती रीत आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि माणूस गुदमरतो. मी गंगाजलात बुडवलेला कापसाचा बोळा वाटीत ठेवला. प्रत्येकाने तो आईच्या ओठांना लावला, वर तुळशीचं पान. मामांनाही ते पटलं.

पहाटे पावणेपाचला श्वास थांबला, आणि पुन्हा सुरू झाला नाही. मी दहा मिनिटं वाट बघितली. मग डॉक्टरांना फोन केला. 108ला नाही, कारण तिथे फोन गेला की छाती दाबणं, दवाखाना, सगळं सुरू होतं, आणि ते आईला नको होतं. डॉक्टर आले, तपासलं, खांद्याच्या हाडाखाली भूल न देता छोटा छेद घेऊन पेसमेकर काढला आणि दोन टाके घातले. टाके घालताना त्यांनी आईच्या अंगावरची चादर हलूही दिली नाही. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला 4अ नमुन्यात मिळतो, तो देण्याबद्दल घरी येणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. त्यावर नगरपालिका-महापालिकेत 21 दिवसांच्या आत नोंद करायची.

मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, 17 होत्या. वहीतल्या आकड्याशी जुळवून रुग्णालयात परत दिल्या. पलंग भाड्याचा, तो गेला. कॉन्सन्ट्रेटर तिसऱ्या दिवशी गावभागातल्या एका घरी न्यायला आले, त्यांच्याकडे वडील होते. मी फिल्टर धुऊन उन्हात वाळवून लावला, आणि पंखा चेहऱ्यासमोर कसा ठेवायचा ते त्यांच्या मुलाला दाखवलं.